दख्खनची जमीन भक्कम म्हणजे नेमकी किती? शिलावरणाची ताकद आणि ताठपणा

दख्खनचं पठार हा प्राचीन आणि स्थिर भूभाग आहे, हे वाक्य आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. मग शाळा बेळगावची असो, इंदूरची असो की हैदराबादची. वाक्य चुकीचं नाही. पण वर्गाबाहेर पडता पडता त्याचा अर्थ ‘आपल्याकडं भूकंप होत नाही’ असा झाला, आणि तो अर्थ महागात पडला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हादरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले असताना, किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. हजारो माणसं गेली. तेव्हापासून कुठंही जरासा धक्का बसला की लोक एकच विचारतात: इतका जुना, इतका कठीण खडक खाली असताना जमीन हलतेच कशी?

या प्रश्नात कठीण, भक्कम आणि स्थिर हे तीन शब्द एकाच अर्थानं येतात. भूशास्त्रात तसं चालत नाही. ताठपणा म्हणजे वजन पडल्यावर वाकायला होणारा विरोध. ताकद म्हणजे तुटण्याआधी किंवा वाहू लागण्याआधी किती ताण सोसता येतो ते. जुन्या काळची दगडी पाटी आठवा. ती ताठ असते, पण हातातून पडली की फुटते. लोखंडी पट्टी सहज वाकते, पण तुटता तुटत नाही. आपल्या पायाखालचा खडक पाटीसारखा वागतो की पट्टीसारखा, हे तो किती खोलीवर आहे, किती तापलेला आहे आणि ताण किती काळ टिकतो यावर ठरतं.

काळा पाषाण हे नुसतं पांघरूण

आधी एक गैरसमज बाजूला करू. दख्खनची ताकद म्हटली की आपल्या डोळ्यापुढं सह्याद्रीचा काळा कातळ येतो. हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांनी तयार झाला आणि आज जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. दिसायला प्रचंड. पण जाडी? सह्याद्रीत दीड-दोन किलोमीटर, आणि पूर्वेकडं जावं तसा तो पातळ होत जातो. किल्लारीला भूकंपानंतर विंधनविवर घेतलं तेव्हा ३३८ मीटरवरच बेसाल्ट संपला आणि खाली त्याहून कितीतरी जुना पट्टिताश्म लागला. कोयनेजवळ गोठणे इथं केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयानं तीन किलोमीटर खोल विवर खणलं. तिथं बेसाल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास निघाला, त्याखाली ग्रॅनाइटी खडक.

आता याची शिलावरणाशी तुलना करा. शिलावरण म्हणजे वरचं भूकवच आणि त्याला खालून चिकटलेला प्रावरणाचा थंड, ताठ भाग. हे दोन्ही मिळून एक तबक म्हणून सरकतात. द्वीपकल्पात नुसतं भूकवचच साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे, आणि शिलावरण शंभर किलोमीटर किंवा त्याहून जास्त. म्हणजे आपला काळा पाषाण हे शंभर पानी वहीला घातलेलं खाकी कव्हर आहे. वहीचा ताठपणा कव्हरवर ठरत नाही.

हे कव्हर कुठं संपतं ते बघायचं असेल तर सीमाभागासारखी जागा नाही. बेळगाव या लाव्हाच्या दक्षिण काठावर आहे. खानापूरकडून अनमोड घाटानं गोव्यात उतरताना काळ्या पाषाणाखालचं जुनं जग उघडं पडतं: तीनशे कोटी वर्षांहून जुने पट्टिताश्म आणि धारवाड काळातले खडक. गोव्याचं लोहखनिज याच जुन्या खडकांतलं. हैदराबादकर ज्या गोल गोल ग्रॅनाइटच्या धोंड्यांमध्ये राहतात तेही सुमारे अडीचशे कोटी वर्षांचे. द्वीपकल्पाचा ताठपणा आला आहे तो या जुन्या पायातून आणि त्याच्याही खालच्या प्रावरणातून.

शिलावरणाखाली दुर्बलावरण असतं. नाव ऐकून तिथं वितळलेला रस भरलेला असेल असं वाटतं, पण तसं नाही. तोही घन खडकच आहे. फक्त तो इतका तापलेला असतो की हजारो-लाखो वर्षांच्या हिशेबात हळूहळू वाहतो.

सिरोंजची टेकडी आणि ओळंब्याचा घोटाळा

पृथ्वीच्या कवचाला ताकद किती, हा प्रश्न पहिल्यांदा आकड्यांत मांडला गेला तो आपल्याच देशात, तेही एका मोजणीतल्या चुकीमुळे. ही गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी.

एकोणिसाव्या शतकात जॉर्ज एव्हरेस्ट भारताचा महात्रिकोणमितीय सर्व्हे पुढं नेत होते. बिदरजवळच्या दमरगिदापासून, एके काळी होळकरांकडं असलेल्या सिरोंजजवळच्या कल्याणपूर टेकडीवरून, थेट मुझफ्फरनगरजवळच्या कलियानापर्यंत रेखावृत्ताचा कंस मोजला जात होता. कल्याणपूर ते कलियाना हे अंतर जवळपास सहाशे किलोमीटर. ते दोन प्रकारे काढलं: एकदा जमिनीवर त्रिकोण मोजून, आणि एकदा दोन्ही ठिकाणांहून ताऱ्यांची उंची बघून. दोन उत्तरांत ५.२३६ सेकंदांचा फरक आला. जमिनीवर हा फरक साधारण १६० मीटर होतो. सहाशे किलोमीटरमध्ये १६० मीटर म्हणजे काहीच नाही असं कुणी म्हणेल, पण त्या सर्व्हेच्या काटेकोरपणात एवढी चूक खपणारी नव्हती.

ताऱ्यांची उंची मोजताना ‘सरळ खाली’ कुठं ते ओळंब्यानं ठरवावं लागतं. गवंड्याचा असतो तोच ओळंबा. कलकत्त्याचे धर्मोपदेशक आणि गणिती जॉन प्रॅट यांनी शंका घेतली की हिमालयाचं प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडं ओढतंय. त्यांनी १८५५ मध्ये हिशेब मांडला, आणि घोटाळा सुटण्याऐवजी वाढला. हिमालय वर दिसतो तेवढा असेल तर फरक १५.८८५ सेकंदांचा यायला हवा होता. प्रत्यक्षात आला त्याच्या एक तृतीयांश. एवढा मोठा डोंगर, आणि ओढ एवढीशी!

त्याच वर्षी इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी खुलासा केला. पृथ्वीचं कवच एवढा डोंगर नुसत्या ताकदीवर पेलूच शकणार नाही, ते मोडेल. डोंगर तरंगतोय. पाण्यातल्या ओंडक्याचा जेवढा भाग वर, त्याहून कितीतरी जास्त खाली. तसंच हलक्या खडकाचं मूळ डोंगराखाली जड प्रावरणात घुसलंय. त्या मुळाच्या हलकेपणामुळे ओढ कमी पडते. प्रॅट यांनी पुढं वेगळा खुलासा दिला, की डोंगराखालचा खडकच हलका आहे. या तरंगण्याच्या तत्त्वाला समस्थायित्व म्हणतात. आज तिबेटखालचं कवच सुमारे ७० किलोमीटर जाड असल्याचं माहीत आहे, म्हणजे एअरींचा अंदाज हिमालयापुरता बराच बरोबर निघाला.

पण हे तत्त्व शेवटपर्यंत ताणलं तर एक गंमत होते. प्रत्येक टेकडी स्वतःपुरती तरंगत असेल, तर येळ्ळूरच्या राजहंसगडालाही खाली आपलं वेगळं मूळ हवं. तसं काही नाही. असल्या टेकड्या कवच मुकाट्यानं पाठीवर घेतं. म्हणजे कवचाला ताकद आहे. ती टेकडीला पुरते, पण हिमालयाला पुरत नाही. मधे कुठं तरी मर्यादा आहे. अमेरिकी भूशास्त्रज्ञ जोसेफ बॅरेल यांनी १९१४ पासून याच विषयावर लेखमाला लिहिली आणि ताठ वरचा थर व दुर्बल खालचा थर अशी फोड केली. डच शास्त्रज्ञ व्हेनिंग माइनेझ यांनी १९३१ मध्ये त्याला गणिती रूप दिलं: भार पडला की त्याच्या खालचाच तुकडा बुडत नाही, आजूबाजूचा मोठा पट्टा मिळून वाकतो.

नवारीची खाट आणि जाड फळी

नवारीच्या खाटेवर बसलं की खळगा फक्त आपल्याखाली पडतो. पाण्यावर टाकलेल्या जाड लांब फळीच्या एका टोकाला बसलं तर फळी बऱ्याच अंतरापर्यंत थोडी थोडी खाली जाते, आणि पलीकडचा भाग किंचित वर उचलतो. खळगा किती रुंद आणि उचल किती लांब, यावरून फळी किती ताठ ते न कापता सांगता येतं. भूशास्त्रज्ञ नेमकं हेच करतात.

आपली फळी म्हणजे भारतीय तबक. वजन हिमालयाचं. त्या वजनानं तबक वाकून जो खळगा पडला तो नद्यांच्या गाळानं भरला. तेच गंगेचं मैदान. पायथ्याशी हा गाळ पाच-सहा किलोमीटर खोल आहे आणि दक्षिणेकडं उथळ होत होत संपतो. ग्वाल्हेरच्या आसपास जुने खडक उघड्यावर दिसतात. चंबळ-यमुना ओलांडून उत्तरेला गेलं की तेच खडक गाळाखाली बुडत जातात. खळग्याच्या दक्षिणेला मध्य भारतात तबक किंचित वर उचललं गेलंय, आणि त्याच्याही दक्षिणेला एक अगदी उथळ दुसरी वाक आहे. या लाटेची लांबी सुमारे ६७० किलोमीटर असल्याचं रॉजर बिल्हॅम आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं. एवढी लांब लाट लवचीक तबकात पडत नाही.

वाकण्याच्या या विरोधाला एका आकड्यात बांधायचं तर ‘परिणामी स्थितिस्थापक जाडी’ सांगतात. कल्पना अशी: समजा शिलावरणाऐवजी एकजिनसी, कधीही न तुटणारी, न वितळणारी फळी असती, तर एवढंच वाकण्यासाठी ती किती जाड लागली असती? ही कुठल्याही खऱ्या थराची जाडी नव्हे. कितीही खोल खणलं तरी ती सापडणार नाही. पण तुलनेला फार सोयीची आहे.

एक नियम मात्र लक्षात ठेवण्यासारखा. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर ताठपणा आठपट. तिप्पट, तर सत्तावीसपट. म्हणून या जाडीवरचे वाद वरवर किरकोळ दिसले तरी किरकोळ नसतात. भारतीय तबकासाठी बरेच अभ्यास ४० ते १२० किलोमीटरचे आकडे देतात. केंब्रिजचे डॅन मॅकेन्झी यांनी १९९७ मध्ये सहकाऱ्यासोबत दाखवायचा प्रयत्न केला की भूखंडांत ही जाडी २५ किलोमीटरच्या पुढं जात नाही. २५ आणि ७५ मधला फरक ताठपणात सत्तावीसपट होतो! भांडण मुळात गुरुत्वाकर्षणाच्या नोंदी वाचायच्या पद्धतीचं आहे. जुन्या भूभागावरचे डोंगर झिजून सपाट झालेले असतात; मग आत दडलेले भार मोजायचे कसे, यावर दोन्ही गटांचं जमत नाही.

खोल जाऊ तशी ताकद कशी बदलते

ताकदीचा हिशेब वेगळा. वरच्या काही किलोमीटरमध्ये खडक भेगांनी भरलेला असतो, तेव्हा प्रश्न असतो घर्षणाचा. खोल जावं तसा वरच्या खडकाचा दाब भेगा घट्ट दाबून धरतो आणि घसरायला जास्त जोर लागतो. दहा किलोमीटर खोलीवर हा दाब सुमारे २६५ मेगापास्कल असतो, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या सव्वीसशे पट. जेम्स बायरली यांनी १९७८ मध्ये अनेक खडकांचे प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा दिसलं की घर्षणाच्या बाबतीत काही चिकणमातीची खनिजं सोडली तर खडकाखडकांत फारसा फरक नसतो. ग्रॅनाइट असो, बेसाल्ट असो की वालुकाश्म. आपण ‘काळा पाषाण म्हणजे भक्कम’ म्हणतो, त्याला या खोलीवर फार अर्थ उरत नाही.

पण ही वाढ कायम चालत नाही. उष्णता आडवी येते. सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला क्वार्ट्‌झ तुटण्याऐवजी हळूहळू वाहू लागतं. फेल्डस्पार साडेचारशेच्या आसपास. प्रावरणातलं मुख्य खनिज ऑलिव्हिन मात्र ६००-७०० अंशांपर्यंत तग धरतं. त्यात खडकात थोडंसं जरी पाणी मुरलेलं असेल तर ताकद झपाट्यानं घटते. म्हणून एखाद्या भूभागाची ताकद विचारायची तर पहिला प्रश्न खडक कोणता हा नसतो. खाली किती गरम आहे, हा असतो.

आणि इथं आपला दक्षिण भाग खरोखर वेगळा आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणी ३.२ किलोमीटरपर्यंत खोल गेल्या होत्या. तिथं खडक ६५ अंशांच्या पुढं तापलेला असायचा. माणसाला ते असह्यच. पण हिशेब केला तर किलोमीटरमागं वाढ जेमतेम १२-१३ अंश. भूखंडांत सहसा २५ ते ३० अंश वाढतात. म्हणजे कोलार थंड! अशा थंड, ताकदवान खडकाची दुसरी बाजू खाणकामगारांनी भोगली. खडक ताण साठवत राहायचा आणि मग एकाएकी बंदुकीसारखा फुटायचा. हे खडकस्फोट कोलारच्या खोल खाणींचं कायमचं दुखणं होतं. ताकद आणि धोका एकत्र कसे नांदतात ते समजायला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता मोजली तर धारवाड भागात ती चौरस मीटरला साधारण २५ ते ५० मिलिवॅट भरते. जगातल्या भूखंडांची सरासरी ६५ च्या आसपास. याउलट वडोदरा ज्याच्या काठावर आहे त्या खंबात खोऱ्यात, विशेषतः त्याच्या उत्तर भागात, ती ७५ ते ९५ पर्यंत जाते. तिथं शिलावरण ताणलं गेलंय, पातळ झालंय, तापलंय. एकाच तबकावर राहणाऱ्या बेळगावकर आणि वडोदेकरांच्या पायाखाली असा फरक आहे.

खोल मुळांचा आणखी एक पुरावा तिजोरीतला आहे. हिरे बनायला साधारण दीडशे किलोमीटरहून जास्त खोली आणि त्या मानानं कमी उष्णता लागते, आणि अशी जागा जुन्या भूखंडांच्या जाड, थंड मुळातच मिळते. कृष्णेच्या खोऱ्यातले गोवळकोंड्याचे हिरे आणि बुंदेलखंडातले पन्नाचे हिरे हे सांगतात की एके काळी इथं शिलावरण तेवढं जाड होतं. आज ते तेवढं आहे का? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं की भारताचं शिलावरण आता सुमारे १०० किलोमीटरच उरलंय, तर आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका या जुन्या भावंडांचं १८० ते ३०० आहे. मुळं झडल्यामुळेच भारत एवढ्या वेगानं उत्तरेकडं धावला, असा त्यांचा तर्क. सगळ्यांना तो पटलेला नाही.

पुरणपोळी की सायीची बासुंदी?

भूखंडात ताकद नेमकी कुठल्या थरात आहे, यावर गेली काही दशकं जोरदार वाद आहे. गंमत म्हणजे दोन्ही पक्षांनी आपापल्या मताला खाण्याच्या पदार्थांची नावं दिली, एकाला जेली सँडविच आणि दुसऱ्याला क्रेम ब्रुले. आपण आपल्या पंगतीतली नावं घेऊ.

पहिलं मत पुरणपोळीचं. वरची पारी म्हणजे ताठ वरचं कवच, मधलं पुरण म्हणजे उष्णतेनं मऊ झालेलं खालचं कवच, आणि खालची पारी म्हणजे पुन्हा ताकदवान प्रावरण. दुसरं मत बासुंदीचं. ताकद फक्त वरच्या सायीत, म्हणजे भूकवचात; खालचं प्रावरण मऊ. केंब्रिजच्या जेम्स जॅक्सन यांनी २००२ मध्ये पुरणपोळी टाकून द्या असं लिहिलं. ब्युरोव आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये त्याच मासिकात तिची बाजू मांडली. प्रावरण एवढं मऊ असेल तर डोंगर कोट्यवधी वर्षं उभे कसे, आणि जड शिलावरण खाली गळून का पडत नाही, हा त्यांचा मुद्दा.

या वादात जबलपूरची साक्ष महत्त्वाची. २२ मे १९९७ च्या पहाटे तिथं झालेला भूकंप सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर होता, म्हणजे भूकवचाच्या तळाशी. मऊ पुरण असं फुटत नाही. नर्मदेच्या पट्ट्यात तरी खालचं कवच कोरडं, ताठ आणि तुटण्याइतकं कडक आहे. म्हणजे भारतापुरती पुरणपोळी मधे बरीच कडक झालेली आहे, एवढं दोन्ही पक्ष मान्य करतात. मतभेद उरतो तो खालच्या पारीबद्दल.

यात काळाचं माप विसरून चालत नाही. पावसाळ्यात गंगेच्या मैदानात पाणी साठतं, तेव्हा नेपाळमधली जीपीएस केंद्रं साधारण सेंटीमीटरभर खाली जातात आणि हिवाळ्यात परत वर येतात. इतक्या कमी काळात खडक स्प्रिंगसारखा वागतो. स्वीडन-फिनलंडच्या मधला बोथनियाचा किनारा मात्र हजारो वर्षांपूर्वी बर्फ वितळला तरी अजून वर्षाला नऊ मिलिमीटरच्या आसपास वर येतोय, कारण तिथं खालचं प्रावरण सावकाश वाहत भरून काढतंय.

ताठ आहे म्हणूनच हलते

आता मूळ प्रश्नाकडं. भारतीय तबक वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडं सरकतंय आणि हिमालयात अडतंय. द्वीपकल्पाच्या आतल्या दोन ठिकाणांमधलं अंतर मात्र वर्षाला एक-दोन मिलिमीटरही बदलत नाही. स्थिर म्हणतात ते या अर्थानं. पण लांब वाशाचं एक टोक भिंतीला टेकवून दुसरीकडून रेटा द्या: ताण सगळ्या वाशात जातो. गादीला रेटा दिला तर तो वाटेतच जिरतो. किल्लारी हिमालयापासून हजार-बाराशे किलोमीटर दूर आहे, पण वासा ताठ असल्यामुळे तिकडचा रेटा इकडं पोचतो आणि वर्षानुवर्षं साठतो. जिथं जुनी भेग असेल तिथं कधी तरी सुटतो. बिल्हॅम आणि सहकाऱ्यांनी असंही मांडलं की मध्य भारतातल्या उचलीच्या दक्षिणेला जी उथळ वाक आहे, तिथं वरच्या खडकावर दाबाचा ताण आजूबाजूपेक्षा दुप्पट पडतो. कोयना, किल्लारी आणि भूज याच पट्ट्यात येतात. जबलपूर उचलीखाली येतं. वर वाकलेल्या फळीचा वरचा भाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो, म्हणून तिथला दाबाचा भूकंप खोल.

कोयनेचं कारण थोडं वेगळं. शिवाजीसागराचं पाणी भरायला लागल्यानंतर तिथं हादरे सुरू झाले. धरणाची उंची १०३ मीटर. शंभर मीटर पाण्याचा दाब होतो एक मेगापास्कल. पाच किलोमीटर खोलीवर खडकाचा स्वतःचा दाब असतो सुमारे १३०. म्हणजे भर पडली ती एक टक्क्याहूनही कमी. एवढ्यावर भेग सुटली, कारण ती आधीच सुटण्याच्या बेतात होती. भेगांत मुरलेल्या पाण्यानं घर्षण आणखी कमी केलं. धरणानं ताण निर्माण केला नाही, साठलेल्याला वाट दिली, असं शास्त्रज्ञ म्हणतात. गोठण्याचं तीन किलोमीटरचं विवर याच अभ्यासासाठी. त्यावर काम करणारी प्रयोगशाळा कराडला आहे.

थंड, अखंड खडकाचा आणखी एक गुण इथं उलटतो. त्यातून भूकंपलहरी फारशा न जिरता लांब जातात. म्हणून द्वीपकल्पातला मध्यम भूकंपही कित्येक शे किलोमीटरवर जाणवतो. आणि ताण इतक्या हळू साठतो की एकाच भेगेवर दोन भूकंपांच्या मधे कित्येक पिढ्या जातात. गावाला आठवणच राहत नाही. किल्लारीबद्दल नेमकं हेच झालं.

सरकारी नकाशांनाही हे उशिरा कळलं. देशाच्या भूकंपक्षेत्रांच्या पहिल्या नकाशात चक्क ‘शून्य’ क्षेत्र होतं, म्हणजे धोका नाही असं. कोयनेनंतर १९७० च्या आवृत्तीत ते काढून टाकलं. किल्लारी तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्र एकमध्ये होती. १९९३ नंतर, २००२ च्या आवृत्तीत क्षेत्र एकही गेलं, ते दोनमध्ये विलीन झालं आणि लातूरचा भाग तीनमध्ये आला.

किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे भराव, आणि वर उन्हाळ्यात गारवा देणारं मातीचं जड माळवद. खडक हलला तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आलं. अशी घरं बिदर, कलबुर्गी, विजापूरपासून सोलापूर-धाराशिवपर्यंत अजून उभी आहेत. भिंतीच्या दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड ठरावीक अंतरावर घालणं, कोपऱ्यांत थर एकमेकांत गुंफणं, दारा-खिडक्यांच्या वरून घराला चहूबाजूंनी सलग पट्टा बांधणं आणि माळवदावरची वर्षानुवर्षं चढत गेलेली माती कमी करणं, एवढं जुन्या घरातही करता येतं.